सांध्याचा धनी कोण?

आज १५ सप्टेंबर. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो. सार्वजनिक बांधकाम आणि जलसंपदा खात्यांच्या कार्यालयांत तसबिरींना हार पडतील, उत्कृष्ट अभियंत्यांना शाल-श्रीफळ मिळेल, महाविद्यालयांत भाषणे होतील. महाराष्ट्राला या दिवसाचे जरा जास्तच अगत्य वाटावे असे कारणही आहे. म्हैसूरचे दिवाण होण्याच्या कितीतरी आधी विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले, १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले, नाशिक-खानदेशात हिंडले. १९०३ मध्ये खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांनी आखलेले स्वयंचलित दरवाजे बसले. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की दरवाजा आपोआप उघडायचा, उतरले की मिटायचा. कुणी कुणाला निरोप धाडायचा नाही, कुणी साहेबांच्या सहीसाठी थांबायचे नाही.

लोखंडाच्या दरवाज्यांना ही सोय करून देता आली. ते दरवाजे बसवणाऱ्या खात्यांना मात्र सव्वाशे वर्षांत ती जमलेली नाही. म्हणून आजच्या दिवशी विश्वेश्वरय्यांच्या थोरवीबद्दल चार ओळी वाढवण्यापेक्षा अंधेरीच्या गोपाळ कृष्ण गोखले पुलाकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हाला अधिक उचित वाटते.

पश्चिम रेल्वेच्या रुळांवरून अंधेरीचे दोन भाग जोडणारा हा पूल. त्याच्या पदपथाचा भाग ३ जुलै २०१८ च्या सकाळी रुळांवर कोसळला आणि दोघांचे प्राण गेले. त्यानंतरचा वाद आठवून पाहा. पूल का पडला यापेक्षा, पडलेल्या भागाची देखभाल रेल्वेकडे होती की महापालिकेकडे, यावर जास्त शाई खर्च झाली. ७ नोव्हेंबर २०२२ पासून पूल वाहतुकीला बंद झाला. जुना पाडला गेला, नवा उभा राहिला आणि २६ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याची एक बाजू खुली झाली. तेव्हा अंधेरीकरांना जे दिसले त्यावर प्रथम कुणाचा विश्वास बसेना. नवा पूल आणि त्याला पश्चिमेकडे येऊन मिळणारा बर्फीवाला उड्डाणपूल यांच्या पातळीत माणसाच्या छातीएवढा फरक होता. रेल्वेच्या नव्या निकषांमुळे रुळांवरची उंची वाढवावी लागली, हे पालिकेचे स्पष्टीकरण. ते खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. पण रुळांवरची उंची वाढली की पलीकडच्या टोकाला रस्ता कुठे जाऊन उतरणार, हे सांगायला शालेय भूमितीही पुरते.

पुढे व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेचा सल्ला घेतला गेला. बर्फीवाला पुलाचा भाग जॅक लावून एका बाजूने १,३९७ आणि दुसऱ्या बाजूने ६५० मिलिमीटर उचलला गेला आणि ४ जुलै २०२४ रोजी दोन्ही पूल एकमेकांना मिळाले. काम अवघड होते आणि ते करणाऱ्या अभियंत्यांनी ते उत्तम केले, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. पण एवढे कसब वापरावे लागले ते कशासाठी? कागदावर खोडरबराने पुसता आली असती अशी एक चूक पुसण्यासाठी. गोखले पूल पूर्णपणे सुरू व्हायला मे २०२५ उजाडला.

अशा वेळी सगळीकडून एक ठरलेले निदान ऐकू येते: 'समन्वयाचा अभाव'. मंत्री तेच म्हणतात, आयुक्त तेच म्हणतात, दुसऱ्या दिवशीच्या बातमीचा मथळाही तोच असतो. हे निदान ऐकायला बरे वाटते, कारण त्यात कुणाचेच नाव नसते. जणू समन्वय म्हणजे पाऊस. यंदा कमी झाला, करणार काय! आमचे मत वेगळे आहे. आपल्या बांधकामांत निरोपांची टंचाई नाही. पत्रे जातात, ईमेल जातात, बैठकांची इतिवृत्ते फिरतात, व्हॉट्सॲपच्या गटांत दिवसाला शे-दोनशे छायाचित्रे पडतात. पुलाच्या प्रत्येक आराखड्यावर रस्त्याची पातळी मिलिमीटरपर्यंत लिहिलेली असते. अडचण आहे ती दोन आराखडे जिथे भेटतात त्या जागेची. अलीकडच्या पुलाला कंत्राटदार असतो, सल्लागार असतो, अभियंता असतो. पलीकडच्यालाही असतो. मधल्या सांध्याला कुणी नसतो.

हे केवळ आपल्याकडेच होते असे समजून कुणी कपाळाला हात लावू नये. ऱ्हाइन नदीवर लाउफेनबुर्ग येथे जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांना जोडणारा पूल बांधताना हेच घडले, आणि तेही जगात नेटकेपणासाठी नावाजलेल्या दोन देशांत. दोघांची समुद्रसपाटी वेगळी. जर्मनी आपली उंची उत्तर समुद्रावरून मोजतो, स्वित्झर्लंड भूमध्य समुद्रावरून, आणि या दोन मापांत २७ सेंटिमीटरचा फरक पडतो. हा फरक दोघांनाही ठाऊक होता. त्यांनी तो एकमेकांना सांगितला होता, हिशेबात धरलाही होता. फक्त वजा करायच्या जागी अधिक केला गेला. २००३ मध्ये काम मध्यावर असताना लक्षात आले की एक बाजू दुसरीपेक्षा ५४ सेंटिमीटर वर आहे. निरोप वेळेवर पोहोचला होता आणि अचूकही होता. दोन्ही काठांच्या पातळ्या एकाच माणसाने एकाच कागदावर मांडून पाहिल्या नव्हत्या, इतकेच.

लाउफेनबुर्गला पैसे गेले आणि हसे झाले. क्वेबेकला ७५ माणसे गेली. बांधकामातल्या संवादाची चर्चा करायची तर १९०७ च्या त्या पुलाशी थोडे थांबावेच लागते, कारण सव्वाशे वर्षांपूर्वीचे ते प्रकरण वाचताना आपल्याच एखाद्या विभागीय कार्यालयाची फाइल चाळतो आहोत असे वाटते.

कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीवर तेव्हा जगातला सर्वांत लांब गाळ्याचा पूल उभा राहत होता. मधला गाळा १,८०० फुटांचा. सल्लागार अभियंता थिओडोर कूपर, त्या काळातले अमेरिकेतले मोठे नाव. मूळचा १,६०० फुटांचा गाळा त्यांनीच १,८०० चा केला. पण लांबी वाढल्यावर पुलाचे स्वतःचे वजन किती वाढते हा हिशेब नव्याने झाला नाही. तो झाला तेव्हा पोलादाचा बराच भाग तयार होऊन बसला होता. कूपर राहायचे न्यू यॉर्कमध्ये; प्रकृतीमुळे त्यांचे बांधकामावर येणे बंद झाले होते. पोलादाचे भाग बनवणारी फिनिक्स ब्रिज कंपनी पेनसिल्व्हेनियात. पूल क्वेबेकमध्ये. आणि पुलावर कूपरांचे डोळे म्हणून नेमलेला नॉर्मन मॅक्लूर हा तरुण अभियंता.

१९०७ च्या उन्हाळ्यात पुलाच्या खालच्या बाजूचे, दाब झेलणारे पोलादी भाग वाकू लागले. रिव्हेटची भोके एकमेकांसमोर येईनात, हे आधी कळले ते तिथे काम करणाऱ्या कामगारांना. मॅक्लूरने बाक मोजला. ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यात एका भागाचा बाक पाऊण इंचावरून सव्वादोन इंचांवर गेला होता. यावर पत्रव्यवहार झाला तो असा की, हा बाक कारखान्यातूनच आला असेल का? तसे असेल तर काळजीचे कारण नाही. म्हणजे पूल डोळ्यांसमोर वाकत होता आणि तीन गावांतले लोक तो आधीपासून वाकडा होता का यावर वाद घालत होते. शेवटी मॅक्लूर स्वतः गाडीत बसून न्यू यॉर्कला गेला. २९ ऑगस्टच्या सकाळी कूपरना भेटला. कूपरना प्रकरणाचे गांभीर्य तत्काळ कळले आणि त्यांनी पुलावर आणखी भार चढवू नका अशी तार केली. ती तार गेली पेनसिल्व्हेनियातल्या कंपनीला. क्वेबेकला नाही. कंपनीत ती दुपारी पोहोचली, पण तिच्यावर लगेच काही झाले नाही. संध्याकाळी मॅक्लूर तिथे पोहोचल्यावर बैठक बसली आणि उद्या सकाळी पाहू असे ठरले. त्याच सुमारास, दिवसपाळी सुटायच्या बेतात असताना, जवळपास पंधरा सेकंदांत पूल नदीत गेला. मेलेल्यांत काहनवागे वस्तीतले मोहॉक जमातीचे तीसहून अधिक पोलादकामगार होते.

या कथेचे सार बहुतेक लोक 'तार चुकीच्या ठिकाणी गेली' असे सांगतात. आम्हाला ते अपुरे वाटते. तार क्वेबेकला गेली असती तर बरे झाले असते, यात शंका नाही. पण मॅक्लूरला काम थांबवण्यासाठी शेकडो मैलांचा रेल्वेप्रवास का करावा लागला? तो पुलावर उभा होता, मोजपट्टी त्याच्या हातात होती, बाक वाढल्याचे त्याने स्वतः लिहिले होते. त्याच्याजवळ नव्हती ती एकच गोष्ट: 'थांबा' म्हणण्याची मुभा. चौकशी आयोगानेही पुलाच्या जागेवर पुरेसा अनुभवी आणि अधिकार असलेला अभियंता नेमला नव्हता यावर नेमके बोट ठेवले. कॅनडात १९२५ पासून नव्या अभियंत्याच्या करंगळीत लोखंडी अंगठी घालण्याचा विधी होतो. ती अंगठी क्वेबेकच्या कोसळलेल्या पुलाच्या लोखंडाची असते, ही दंतकथा. खरी नाही. तरी शंभर वर्षे ती टिकली आहे, याचा अर्थ त्या देशातले अभियंते अजून ओशाळलेले आहेत. हे चांगले लक्षण आहे.

वर पाठवलेला शब्द अडतो, तसाच खाली पाठवलेला कागदही बदलतो. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत हयात रीजन्सी हॉटेलच्या दालनात छतापासून सळयांनी टांगलेले पादचारी पूल होते. चौथ्या मजल्याचा वर आणि दुसऱ्या मजल्याचा त्याच्या बरोबर खाली. मूळ कल्पना अशी की छतापासून एकच लांब सळई येईल आणि दोन्ही पूल तिला धरतील. एवढ्या लांब सळईला आटे पाडणे गैरसोयीचे, म्हणून पोलादकाम करणाऱ्यांनी दोन तुकडे सुचवले: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलापासून खालच्यापर्यंत. बदल क्षुल्लक दिसतो. पण एका दोराला दोघे लटकणे वेगळे आणि वरच्याच्या पायांना खालच्याने लटकणे वेगळे. वरच्या पुलाच्या जोडावर दुप्पट भार आला. या बदलाचा नकाशा अभियंत्याच्या कार्यालयात गेला, त्यावर शिक्का बसला आणि तो परत आला. हिशेब कुणी केला नाही. बनवणाऱ्यांना वाटले, तिकडे झाला असेल. तिकडच्यांना वाटले, इकडे झाला असेल. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी नृत्याच्या कार्यक्रमाला लोक जमलेले असताना ते पूल खाली आले आणि ११४ माणसे मेली. जबाबदार अभियंत्यांचे मिसुरी राज्यातले परवाने गेले. शिक्का मारला म्हणजे वाचले असे आम्ही धरतो, असे तिथल्या न्यायासनाने ठरवले, हा त्यातला आपल्या उपयोगाचा भाग.

आता आपल्या गल्लीत येऊ. बारा मजल्यांची एखादी इमारत, ठाण्यात असो, चाकणला असो की म्हापशाला. आराखडा इंग्रजीत, मापे मिलिमीटरमध्ये. साइट इंजिनिअर मराठीत विचार करून हिंदीत बोलतो. मुकादम ते हिंदी झारखंडच्या किंवा बंगालच्या फिटरला त्याच्या बोलीत सांगतो. फिटर सळई सुतात ओळखतो. तीन सूत म्हणजे दहा मिलिमीटर, चार सूत म्हणजे बारा. वर्षानुवर्षे हे चालत आले आहे आणि बहुतेक वेळा बिनचूक चालते, हे या माणसांचे कौतुक. पण आराखडा बदलतो तेव्हा ही साखळी तुटते. सुधारित आराखडा कार्यालयात येतो, त्याचे छायाचित्र गटात पडते, कुणीतरी अंगठा दाखवतो. जुना छापील कागद मात्र सिमेंटच्या गोण्यांवर तसाच पडलेला असतो आणि फिटर त्यावरच काम करतो, कारण त्याच्या फोनवर तो गटच नसतो. जुनी प्रत गोळा करून फाडून टाकणे हे कुणाचे काम, हे कोणत्याही करारात ठळक लिहिलेले आम्ही पाहिलेले नाही.

स्लॅब भरण्याचा दिवस तर या व्यवहाराची परीक्षाच. सेंटरिंगवाला, फिटर, इलेक्ट्रिशियन, प्लंबर असे चार वेगळे उपकंत्राटदार, चौघांना चार वेगळ्या माणसांचे फोन. माल सकाळी आठला येणार असतो आणि प्लंबरला ते आदल्या रात्री अकराला कळते. तो येईपर्यंत जाळी बांधून झालेली असते; पाइपांसाठी सोडायची भोके सुटत नाहीत. स्लॅब भरला जातो. दोन महिन्यांनी तोच प्लंबर यंत्र लावून तोच स्लॅब फोडतो, आणि कधी कधी त्यात बीमची सळईही कापली जाते. रेडिमिक्सचा ट्रक वाहतुकीत अडकला की माल घट्ट होतो. पंपावरचा माणूस 'माल ढिला पाहिजे' म्हणतो आणि ड्रायव्हर पाणी सोडतो. या वाक्याचा काँक्रीटच्या ताकदीवर काय परिणाम होतो ते दोघांनाही कुणी सांगितलेले नसते. आणि त्या मालाचा अंतिम निकाल येतो ठोकळे फोडून, अठ्ठावीस दिवसांनी. तोवर वर आणखी दोन मजले चढलेले असतात. वाईट निकाल हातात आला तरी त्या तरुण इंजिनिअरने करायचे काय? दोन मजल्यांखालचा स्लॅब कमजोर आहे असे साहेबांना सांगायचे, की 'पुन्हा एकदा टेस्ट करून बघू' म्हणायचे? नोकरीत सहा महिने झालेला मुलगा काय निवडेल ते वाचकांना सांगायला नको.

सरकारी कामांत याला आणखी एक पदर आहे. इथे पत्र लिहिले जाते ते कळवण्यासाठी कमी आणि कळवले होते हे पुढे दाखवण्यासाठी जास्त. कंत्राटदार पत्र लिहितो ते मुदतवाढ आणि दावा डोळ्यांसमोर ठेवून. विभाग उत्तर देतो ते लेखापरीक्षण डोळ्यांसमोर ठेवून. 'आपल्या स्तरावरून योग्य ती कार्यवाही करावी' या एका वाक्याखाली महाराष्ट्रात किती कामे अडली असतील! पत्राच्या तळाशी सात जणांना 'प्रत माहितीसाठी' जाते. ज्या सातांना माहिती झाली त्यांतल्या एकावरही काही करण्याची पाळी येत नाही. लवादापुढे या पत्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे जातात. तिथे प्रत्येकाने कळवलेले असते, आणि साइटवर कुणालाच कळलेले नसते.

उपाय म्हणून हल्ली ॲप येते. २२ मार्च २०२३ रोजी केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केले. खोदण्यापूर्वी खोदणाऱ्याने नोंद करायची, म्हणजे ज्यांच्या वाहिन्या जमिनीखाली आहेत त्यांना सूचना जाईल. कल्पना चांगली आहे. त्यानंतर आठ महिन्यांनी, ३० नोव्हेंबर २०२३ रोजी, अंधेरीत सीप्झजवळ मेट्रोच्या कामाच्या वेळी १,८०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी फुटली आणि पश्चिम उपनगरांतल्या मोठ्या भागाचे नळ कोरडे पडले. दोन्ही सरकारी यंत्रणा, एकाच शहरातल्या, एकमेकांपासून फोनच्या अंतरावर. ॲपने निरोप जाईल. पण निरोप आल्यावर जागेवर येऊन 'इथे ड्रिल लावू नका' असे सांगणारा आणि त्याचे ऐकले जाईल असा माणूस ॲपमधून डाउनलोड होत नाही. पुण्याने विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला तोही मेट्रोच्या मार्गाशी त्याचा मेळ बसेना म्हणून. पूल बांधून पंधरा वर्षेही धड झालेली नव्हती.

नागरिकांशी बोलण्याचा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे, तरी कोकण रेल्वेचा उल्लेख टाळता येत नाही. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली या कामावर किती दिवस उरले ते दाखवणारी उलटी घड्याळे लावलेली असत. मुकादमापासून अध्यक्षापर्यंत सगळ्यांना एकच आकडा दिसे. बोलण्याची याहून सोपी रीत आम्हाला माहीत नाही. पण त्याच रेल्वेचा मार्ग गोव्यातून नेताना तिथल्या लोकांच्या शेती, खाजण जमिनी आणि जुन्या वस्त्यांबद्दलच्या शंकांना आधी उत्तर मिळाले नाही. आंदोलन पेटले, १९९३ मध्ये गोव्यातले काम थांबले आणि न्यायमूर्ती ओझा आयोग बसवावा लागला. आपल्या माणसांना सगळे सांगणारी संस्था बाहेरच्यांपुढे कमी पडली.

आणि पानशेत. हे नाव घेतल्याशिवाय पुण्यात अभियंता दिन पुरा होऊ नये. धरणाचे काम संपलेले नव्हते, पाणी बाहेर सोडणाऱ्या विमोचकाचे काम अपुरे होते, तरी १९६१ च्या पावसाळ्यात पाणी अडवले गेले. धरण खचू लागल्यावर लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. त्यांनी मिळवून दिलेल्या काही तासांमुळे पूर रात्री न येता दिवसा आला आणि हजारो जीव वाचले. १२ जुलैच्या सकाळी पानशेत फुटले. त्याच्या लोंढ्यापुढे विश्वेश्वरय्यांच्या दरवाज्यांचे खडकवासलाही टिकले नाही. काय घडते आहे हे धरणावरच्या माणसांना आदल्या रात्रीच दिसत होते. नदीकाठच्या पेठांना मात्र ते पाणी दाराशी आल्यावर कळले.

या सगळ्यांत समान धागा कोणता? सर्वांत आधी ज्याला दिसते तो उतरंडीत सर्वांत खाली असतो. पोलादकामगार, फिटर, कनिष्ठ अभियंता, धरणावरचा कारकून. आपल्या खात्यांत काम थांबवण्याचा अधिकार करारानुसार प्रभारी अभियंत्याला असतो, म्हणजे बहुधा कार्यकारी अभियंत्याला, जो चार तालुक्यांची कामे पाहतो आणि आठवड्यातले तीन दिवस बैठकांना असतो. मधल्या माणसाचे काम निरोप वर नेण्याचे. वर नेताना तो सौम्य होत जातो. 'भेग पडली आहे' याचे 'किरकोळ भेग आढळली', आणि त्याचे पुढे 'बाब तपासण्यात येत आहे'. यात कुणी खोटे बोलत नाही. प्रत्येक जण आपापल्या साहेबाला त्रास होऊ नये एवढे पाहतो.

म्हणून आमच्या मागण्या फार थोड्या आहेत. जिथे दोन खाती, दोन कंत्राटे किंवा दोन पूल भेटतात त्या प्रत्येक सांध्यासाठी एक अभियंता निविदेच्या टप्प्यापासून नावानिशी नेमावा, आणि दोन्ही बाजूंच्या पातळ्या एकाच कागदावर मांडून त्यावर त्याची सही घ्यावी. काँक्रीट भरण्यापूर्वी, खड्डा घेण्यापूर्वी, गर्डर चढवण्यापूर्वी जागेवरच्या कनिष्ठ अभियंत्याला चोवीस तास काम थांबवता आले पाहिजे. कारण त्याने एका ओळीत लिहावे. ते पुढे चुकीचे ठरले तरी त्याच्या गोपनीय अहवालात त्याची नोंद होऊ नये. यामुळे कामे रखडतील असे कंत्राटदार म्हणतील. काही रखडतीलही. दीड मीटर चुकलेला पूल जॅकने उचलायला किती दिवस लागले ते त्यांनी अंधेरीत विचारून यावे.

हे करायला नवा कायदा लागत नाही, नवे ॲप तर नाहीच. बांधकाम आणि जलसंपदा खात्यांच्या सचिवांनी आणि महापालिका आयुक्तांनी ठरवले तर एका पानाच्या परिपत्रकाने हे होईल. आजच्या समारंभांत ज्यांना गौरवले जाईल त्यांची यादी आम्ही दरवर्षी पाहतो. वेळेआधी काम पुरे केले, अंदाजपत्रकाहून कमी खर्चात केले, विक्रमी लांबीचा रस्ता केला, अशी त्यांत कारणे असतात आणि ती योग्यच आहेत. वेळीच काम थांबवले म्हणून शाल-श्रीफळ मिळालेला अभियंता त्या यादीत आम्हाला अजून दिसलेला नाही. असे अभियंते प्रत्येक विभागात आहेत. त्यांची बहुधा बदली झालेली असते. त्यांतला निदान एक शोधून काढून पुढच्या १५ सप्टेंबरला व्यासपीठावर बसवावा, अशी आमची सरकारला विनंती आहे.